एकोणीस वर्षांच्या मुलाकडून किती घ्यायचं?

28 सप्टेंबर 2013, शनिवारची संध्याकाळ. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजारांहून जास्त माणसं जमली होती. हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाच्या अखिल आयर्लंड स्पर्धेची अंतिम लढत पुन्हा खेळली जात होती, कारण तीन आठवड्यांपूर्वीचा क्लेअर विरुद्ध कॉर्क हा दोन काउंटींचा, म्हणजे जिल्ह्यांचा, सामना बरोबरीत सुटला होता. त्या पहिल्या सामन्यात क्लेअरच्या सुरुवातीच्या पंधरात शेन ओ'डॉनल नव्हता. फेरलढतीसाठी डारॅक होननला बाहेर ठेवून त्याला घेतलं आणि ही गोष्ट त्याला सामन्याच्या काही तास आधी कळली. वय एकोणीस, कॉर्कच्या विद्यापीठातला विद्यार्थी. त्याने पहिल्या एकोणीस मिनिटांत तीन गोल केले.

हर्लिंगमध्ये चेंडू जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. आडव्या दांडीवरून दोन उभ्या खांबांमधून गेला की एक गुण. ओ'डॉनलच्या नावापुढे त्या दिवशी 3-3 लागलं, म्हणजे तीन गोल आणि तीन गुण, एकूण बारा. क्लेअरने कॉर्कला 5-16 विरुद्ध 3-16 असं हरवलं. क्लेअरचं हे 1914, 1995 आणि 1997 नंतरचं चौथंच विजेतेपद. ज्याची जागा गेली तो होनन उत्तरार्धात मैदानात आला आणि शेवटी पाचवा गोल त्यानेच केला. हा तपशील मला फार आवडतो, कारण ओ'डॉनलची कथा सांगणारे बहुतेक जण तो सोडून देतात.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा साऱ्या देशाचा झाला. तो कुठे जातो, काय शिकतो, त्याचे केस कसे आहेत, सगळ्याची चर्चा. पुढे मुलाखतींमध्ये त्याने मोकळेपणाने सांगितलं आहे की हे सगळं त्याला अजिबात आवडलं नव्हतं. ज्या कामाचा त्याला एक छदामही मिळाला नव्हता, त्या कामामुळे त्याला बाजारात नीट फिरणं अवघड झालं होतं.

इथे मराठी वाचक थबकेल. ऐंशी हजार प्रेक्षक, थेट प्रक्षेपण, जाहिरातदार, आणि खेळाडूला पैसे नाहीत? नाहीत. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, ही संस्था 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी स्थापन झाली आणि आजही ती खेळाडूंच्या बाबतीत हौशी आहे. प्रवासखर्च मिळतो, सरकारकडून थोडंसं अनुदान मिळतं, साहित्य मिळतं. पगार नाही, करार नाही, लिलाव नाही. तुम्ही ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, वाढलात त्या पॅरिशच्या क्लबकडून खेळायचं, चांगले निघालात तर त्या काउंटीकडून खेळायचं. ओ'डॉनल एनिस गावच्या एअर ओग क्लबचा, म्हणून क्लेअरचा. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत दिवसभर बँकेत काम करून रात्री तालमीला येणारा हौशी नट असतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे प्रयोगाला ऐंशी हजार माणसं तिकीट काढून येतात.

आयर्लंडमध्ये यावर जो वाद चालतो, त्यात दोन बाजू ठरलेल्या आहेत. एक म्हणते, खेळाडूंना पैसे द्या, ढोंग पुरे. दुसरी म्हणते, पैसा आला की गावाशी असलेलं नातं तुटेल, मग हा खेळ उरणारच नाही. दोन्ही बाजू चुकीच्या ठिकाणी जोर लावताहेत असं माझं मत आहे. हर्लिंगचा आजचा प्रश्न पैशाचा नाही, तासांचा आहे. आणि त्या तासांचं ओझं सर्वांत जास्त कुणावर पडतं, तर अठरा ते बावीस या वयातल्या मुलांवर, ज्यांना नाही म्हणण्याची मुभा सर्वांत कमी असते.

त्याच 2013 च्या सप्टेंबरचा हिशेब बघा. 8 तारखेला सीनिअर अंतिम सामना, बरोबरीत. 28 तारखेला फेरलढत. आणि मधल्या शनिवारी, 14 तारखेला, थर्ल्सला एकवीस वर्षांखालील गटाची अंतिम लढत. क्लेअरने तीही अँट्रिमला हरवून जिंकली. 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं क्लेअरने तो गट जिंकला. सीनिअर संघातले कितीतरी जण या दुसऱ्या संघातही होते. टोनी केली त्यांपैकी एक, कॉलम गॅल्विन दुसरा. तीन आठवड्यांत तीन अंतिम सामने, आणि अंतिम सामन्यात कुणी हात राखून खेळत नाही. केलीला त्या वर्षी वर्षातला सर्वोत्तम हर्लर आणि वर्षातला सर्वोत्तम तरुण हर्लर असे दोन्ही मान मिळाले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. सगळीकडे टाळ्या वाजल्या. त्या महिन्यात त्याने किती खेळावं याचा विचार करणं कुणाचं काम होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

कारण तो विचार कुणाचंच काम नसतं. सीनिअर संघाचा व्यवस्थापक वेगळा, एकवीसखालील संघाचा वेगळा, क्लबचा वेगळा, कॉलेजचा वेगळा. प्रत्येकाला तोच मुलगा हवा असतो आणि प्रत्येकाची मागणी वेगळी काढून पाहिली तर रास्तच वाटते. चार जणांच्या चार रास्त मागण्या एका पाठीवर पडतात.

फेब्रुवारीतला एक आठवडा डोळ्यांसमोर आणा. मुलगा एनिसचा, शिकायला कॉर्कमध्ये. क्लेअर काउंटीचा सराव टल्ला गावाजवळच्या काहरलोहन इथल्या केंद्रावर होतो. कॉर्कहून तिथे जाऊन-येऊन साधारण अडीचशे किलोमीटर. आठवड्यात दोन संध्याकाळी गाडीत बसायचं, थंडीपावसात प्रकाशझोताखाली दीड तास पळायचं, जेवायचं, परत यायचं, खोलीवर पोचेपर्यंत मध्यरात्र. बाकीच्या दिवशी व्यायामशाळा. मधल्या एखाद्या दिवशी फिट्झगिबन चषकाचा सामना. ही विद्यापीठांची स्पर्धा 1912 पासून चालू आहे आणि ती नेमकी राष्ट्रीय लीगच्या महिन्यांतच येते. रविवारी लीगचा सामना. सोमवारी सकाळी नऊला प्रयोगशाळेत हजर. शिवाय एकेका खेळाडूच्या झोपेची, वजनाची, खाण्याची नोंद मोबाइलवर ॲपमध्ये भरायची असते. व्यावसायिक खेळाडूही हे सगळं करतो, पण तो सोमवारी सकाळी झोपतो.

हे माझ्या मनाचे आकडे नाहीत. आयर्लंडच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने, म्हणजे ईएसआरआयने, 2018 मध्ये काउंटी खेळाडूंचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यास करून घेतला होता खुद्द जीएए आणि खेळाडूंची संघटना जीपीए यांनीच. त्यातला सर्वांना आठवणारा आकडा असा, की काउंटीच्या संघासाठी खेळाडू आठवड्याला 31 तासांपर्यंत देतात. नोकरी किंवा शिक्षण त्याच्या वर. अहवाल आला, बातम्या झाल्या, आणि दुसऱ्या मंगळवारी सराव ठरल्या वेळी सुरू झाला.

खेळाडूंना पैसे द्या म्हणणारे इथेच उडी मारतात. एकतीस तास घेता ना, मग मोबदला द्या. युक्तिवाद सरळ आहे आणि त्याला बळ देणारा पुरावाही आहे. हौशीपणा हा नियम या संघटनेत फक्त खेळाडूंनाच लागू होतो. मुख्यालयात पगारी कर्मचारी आहेत, फिजिओ पैसे घेतात, ताकदीचे प्रशिक्षक पैसे घेतात, विश्लेषक पैसे घेतात. व्यवस्थापकांना टेबलाखालून काय मिळतं ही तर इतकी उघड गोष्ट आहे, की 2012 च्या जानेवारीत जीएएचे तेव्हाचे महासंचालक पॉरिक डफी यांनी त्यावर चर्चेसाठी जाहीर टिपणच काढलं होतं. काउंटी संघांच्या तयारीचा एकूण वार्षिक खर्च अलीकडे 4 कोटी युरोंच्या पुढे गेला आहे. गमतीचा भाग असा, की हा सगळा खर्च ज्याच्या भोवती होतो तो एकटाच काय तो फुकट.

तरीही खेळाडूंना पगार हा उपाय मला पटत नाही.

हर्लिंग खऱ्या अर्थाने जोरात खेळलं जातं ते आयर्लंडच्या जेमतेम दहा-बारा काउंटींमध्ये. उत्तर आणि दक्षिण धरून बेटाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या घरात, म्हणजे मुंबई महानगराच्या निम्मीही नाही. एवढ्या जागेत पूर्ण व्यावसायिक लीग उभी राहिली तर ती चार श्रीमंत संघांची असेल. क्लेअरचा केली त्यांपैकी एका संघाकडे जाईल, कारण तिथे पैसे जास्त. मग त्याच्या बॅलीया गावच्या लोकांनी क्रोक पार्कला का यावं? शेजारच्या घरातला, आपल्या शाळेतला, चर्चमागच्या मैदानावर ज्याला चेंडू मारताना पाहिलं तो मुलगा खेळतो आहे, म्हणूनच ते येतात. दुसऱ्या गावाने विकत घेतलेला मुलगा कितीही सुंदर खेळला तरी त्यांना त्याचं काय? ही भीती खोटी नाही. लिलावाने खेळाडूंचं भलं होतं आणि खेळाची बाजारपेठ वाढते हे आपण कबड्डीत 2014 नंतर पाहिलं. पण कबड्डीच्या मागे सव्वाशे कोटींचा देश होता आणि टीव्हीवाल्यांना नवीन खेळ हवाच होता. हर्लिंगच्या मागे सत्तर लाख माणसं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना गेलिक फुटबॉल, हा जीएएचाच दुसरा खेळ, जास्त आवडतो.

हौशीपणाचा आणखी एक फायदा आहे, आणि त्याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे ओ'डॉनल स्वतः. 2013 नंतर क्लेअर फार काही जिंकलं नाही. 2016 मध्ये राष्ट्रीय लीग मिळाली, 2018 मध्ये उपांत्य सामन्याच्या फेरलढतीत गॉलवेकडून हार झाली. पण त्या दरम्यान ओ'डॉनल थांबला नव्हता. त्याने कॉर्कच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी केली. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो हार्वर्डला गेला. करारबद्ध व्यावसायिक खेळाडूला चोविसाव्या वर्षी काही महिने अमेरिकेत प्रयोगशाळेत घालवता आले असते का? मालक म्हणाला असता, आधी करार वाच. ओ'डॉनलला ते जमलं, कारण त्याचं पोट हर्लीवर, म्हणजे हर्लिंगच्या काठीवर, अवलंबून नव्हतं. हौशीपणाने त्याला दुसरं आयुष्य ठेवू दिलं, आणि त्या दुसऱ्या आयुष्यामुळेच पहिलं इतकी वर्षं टिकलं असं मला वाटतं.

म्हणजे हौशीपणाचा करार मुळात असा आहे: आम्ही तुला पैसे देणार नाही, पण तुझं आयुष्यही घेणार नाही. या कराराचा पहिला अर्धा भाग जीएए काटेकोर पाळते. दुसऱ्या अर्ध्या भागाची तिला आठवण करून द्यावी लागते. ओ'डॉनलला जे जमलं ते व्यवस्थेमुळे नव्हे, त्याच्या हट्टामुळे जमलं. शिवाय ज्याने अंतिम सामन्यात तीन गोल मारलेत त्याचा हट्ट चालतो. संघात तिसावा असलेल्या मुलाने व्यवस्थापकाला सांगून बघावं, की मला सहा महिने बॉस्टनला जायचं आहे.

आता शरीराकडे येऊ. हर्लिंगचा चेंडू, ज्याला स्लिटर म्हणतात, 110 ते 120 ग्रॅम वजनाचा असतो, चामड्याच्या उभारलेल्या शिवणीचा. हर्ली ही ॲश लाकडाची, टोकाला तळव्याएवढी रुंद काठी. पळता पळता चेंडू जमिनीवरून काठीने उचलायचा, हातात घ्यायचा, हवेत टाकायचा आणि खांद्यातून झोकून मारायचा, आणि या क्षणभरात समोरचा त्याच चेंडूवर, त्याच हातावर काठी उगारून आलेला असतो. खेळाडूची बोटं मोडतात हे तिथे कुणी सांगतसुद्धा नाही, इतकं नित्याचं आहे. हेल्मेट सर्वांना सक्तीचं झालं ते 2010 मध्ये. त्याआधी बऱ्याच मोठ्या खेळाडूंनी अख्खी कारकीर्द उघड्या डोक्याने काढली.

पण हेल्मेट चेहरा वाचवतं, कवटी वाचवतं. मेंदू आतल्या आत हलायचा तो हलतोच. 2021 च्या जूनमध्ये काउंटीच्या सरावात ओ'डॉनलच्या डोक्याला मार लागला. सामन्यात नव्हे, सरावात. पुढचे काही आठवडे त्याला वाचणं, पडद्याकडे बघणं, काम करणं जड गेलं. वाचन आणि विचार यांवरच ज्याचा चरितार्थ, त्या माणसाची ही अवस्था. त्या मोसमात तो पुन्हा खेळू शकला नाही आणि खेळ कायमचा सोडावा का, असा विचार त्याने केला होता. तो परतला, 2022 मध्ये त्याला ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पंधरा जणांत स्थान, मिळालं. 21 जुलै 2024 रोजी क्लेअरने पुन्हा कॉर्कलाच, जादा वेळेत, 3-29 विरुद्ध 1-34 असं एका गुणाने हरवलं. कप्तान होता टोनी केली. ओ'डॉनल वयाच्या तिसाव्या वर्षी वर्षातला सर्वोत्तम हर्लर ठरला. गोष्ट गोड झाली. मात्र शेवट गोड झाला म्हणून मधली किंमत माफ होत नाही, आणि ज्यांची गोष्ट मध्येच संपली त्यांची नावं आपल्याला ठाऊकही नाहीत. एकोणिसाव्या वर्षी चमकलेला आणि चोविसाव्या वर्षी गुडघा, घोटा किंवा मन थकून गुपचूप क्लबकडे परतलेला मुलगा प्रत्येक काउंटीत सापडेल. त्याच्यावर कुणी पुरवणी काढत नाही.

या वादात हमखास पुढे केलं जाणारं नाव म्हणजे गॉलवेचा जो कॅनिंग. त्याचे समर्थक म्हणतात, बघा, सगळ्या संघांकडून खेळला आणि तरी केवढा मोठा झाला. खरं आहे. पोर्टुमना क्लबकडून कोवळ्या वयात अखिल आयर्लंड क्लब विजेता, काउंटीकडून अठरा वर्षांखालील गटात विजेता, एकवीसखालील गटात विजेता. 2008 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो सीनिअर संघात आला आणि थर्ल्सला कॉर्कविरुद्ध गॉलवेच्या 2-15 पैकी 2-12 त्याने एकट्याने काढले. गॉलवे तरीही हरलं. एकोणीस वर्षांच्या मुलाने संघाचे जवळजवळ सगळे गुण करावेत आणि संघ हरावा, याचा अर्थ मुलगा थोर आहे असा सगळ्यांनी लावला. संघाने सगळं ओझं पोरावर टाकलं होतं, असाही अर्थ लावता आला असता. कॅनिंगला सीनिअर विजेतेपद मिळालं ते 2017 मध्ये, त्याच्या आदल्याच वर्षी उपांत्य सामन्यात मांडीमागच्या स्नायूची गंभीर दुखापत झाल्यावर. 2021 मध्ये, तेहतिशीही गाठली नव्हती तेव्हा, तो निवृत्त झाला.

माझा आक्षेप कौतुकाला नाही. कौतुक करावं, भरभरून करावं. आक्षेप आहे तो कौतुकाचा आधार घेऊन मागणी वाढवण्याला. पोरगं एकदा चमकलं की सगळे संघ त्याच्यावर हक्क सांगू लागतात, आणि लोकांनाही तो प्रत्येक सामन्यात तसाच हवा असतो.

2025 मध्ये टिपररीच्या डारा मॅकार्थीच्या बाबतीत हे फार जवळून दिसलं. टूमेव्हारा क्लबचा मुलगा, वय एकोणीस. 27 एप्रिलला कॉर्कच्या मैदानावर सामना सुरू होण्याआधीच, चेंडू आत टाकला जाण्यापूर्वी, प्रतिस्पर्ध्याला काठीने मारल्याबद्दल त्याला बाहेर काढलं. टिपररी संपूर्ण सामना चौदा जणांनिशी खेळलं आणि मोठ्या फरकाने हरलं. जुलैमध्ये किलकेनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो पुन्हा बाहेर गेला. दोन आठवड्यांनी, 20 जुलैला, अंतिम सामन्यात त्याने 1-13 केले. मध्यंतराला सहा गुणांनी मागे असलेल्या टिपररीने कॉर्कला 3-27 विरुद्ध 1-18 असं धुतलं, उत्तरार्धात कॉर्कला फक्त दोन गुण मिळाले. आणि याच मोसमात तो टिपररीच्या वीस वर्षांखालील विजेत्या संघाकडूनही खेळत होता, हे विसरू नका.

या तीन महिन्यांत त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना क्रिकेट बघणाऱ्या कुणालाही करता येईल. एप्रिलमध्ये डोक्यात हवा गेलेला पोरटा, जुलैच्या सुरुवातीला संघाला बुडवणारा, जुलैच्या शेवटी देवदूत. मुलगा तोच. व्यवस्थापक लियम काहिल त्याच्या पाठीशी उभे राहिले, त्याला संघात ठेवलं, फ्री मारण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच ठेवली, आणि याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण हा निर्णय एका माणसाच्या समजूतदारपणावर अवलंबून होता. दुसऱ्या काउंटीत दुसरा कुणी असता तर? मुलाचं नशीब चांगला माणूस भेटण्यावर सोडायचं असेल तर संस्था कशाला हवी?

जीएएने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2018 पासून मायनर गट अठराऐवजी सतरा वर्षांखालील झाला, शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, लीव्हिंग सर्टिफिकेटच्या मुलांवरचा भार हलका व्हावा म्हणून. एकवीसखालील गट वीसखाली आला. 2022 पासून मोसम दुभागला: आधी काउंटी, मग क्लब, आणि अंतिम सामना ऑगस्टऐवजी जुलैत. क्लबच्या खेळाडूला आता निदान आपला मोसम कधी आहे ते कळतं. पण याची दुसरी बाजूही आहे. काउंटीचे सामने आक्रसून थोड्या आठवड्यांत आले. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात पाच काउंटी साखळी पद्धतीने एप्रिल-मेमध्ये एकमेकांशी भिडतात, आणि एप्रिल-मे म्हणजे आयरिश विद्यापीठांच्या परीक्षा. शाळकरी मुलाला सोडवलं आणि त्याच्या दोन वर्षांनी मोठ्या भावाला अडकवलं. सीनिअर आणि वीसखालील सामन्यांमध्ये एकाच खेळाडूसाठी किती अंतर हवं यावर तर दर वर्षी नवी भांडणं होतात, आणि बहुतेक भांडणांत ज्या काउंटीकडे असा मुलगा आहे तिचे लोक अंतर कमी करा म्हणतात. त्यांना मुलगा दोन्हीकडे हवा असतो.

जीएएचे अध्यक्ष जार्लथ बर्न्स यांनी हौशीपणाचा फेरविचार करायला समिती नेमली, तिचं नेतृत्व प्राध्यापक डेव्हिड हॅसन यांच्याकडे दिलं. समित्या चांगल्याच असतात, पण त्यांचा रोख बहुतेक वेळा पैशांकडे असतो: कुणाला किती खर्च द्यायचा, व्यवस्थापकांचं काय करायचं. माझ्या मते एकवीस वर्षांच्या आतल्या मुलांसाठी वेगळा आणि साधा नियम हवा. काउंटीच्या कोणत्याही मोसमात मुलगा एका काउंटी संघाचा. वीसखालील किंवा सीनिअर, दोन्ही नव्हे. विद्यापीठाचे सामने चालू असतील त्या आठवड्यांत काउंटीने त्याला सरावाला बोलावू नये. आठवड्याच्या तासांना मर्यादा असावी आणि प्रवासाचे तास त्यात धरावेत, कारण कॉर्क ते काहरलोहन हे अडीचशे किलोमीटर शरीरालाच काढावे लागतात. डोक्याला मार लागला तर खेळायचं की नाही हे ठरवणारा डॉक्टर काउंटीचा नसावा.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे: मुलांनाच खेळायचं असतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला सांगून बघा की तू वीसखालील अंतिम सामना खेळू नकोस, तो रडेल. बरोबर. त्या वयात कुणालाच थांबायचं नसतं, म्हणून तर थांबवण्याचा नियम मोठ्यांनी करायचा. सतराखालील मुलांच्या बाबतीत हेच तत्त्व मानून गट बदलला, तेव्हा मुलांची परवानगी कुणी मागितली नव्हती. मुलगा सतरा पूर्ण करतो त्या दिवशी त्याचा स्नायू आणि त्याचा अभ्यासक्रम असा कोणता पक्का होतो?

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे: असले नियम पाळतंय कोण? हिवाळ्यात काउंटी संघांनी एकत्र सराव करू नये असा नियम गेली कित्येक वर्षं आहे, आणि तो पाळला जातोच असं तिथे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. तासांची मर्यादा घातली तर तास कागदावर कमी होतील, ऐच्छिक सराव नावाचा नवा प्रकार निघेल, आणि ऐच्छिक सरावाला जो आला नाही त्याला रविवारी बाकावर बसवलं जाईल. हे होईल, यात मला शंका नाही. पण नियम मोडता येत नाही अशी वेळ जीएएने स्वतःच एकदा आणून दाखवली आहे. 2021 मध्ये कोविडच्या निर्बंधांत चोरून सराव केल्याबद्दल डब्लिनसारख्या बलाढ्य फुटबॉल काउंटीचा लीगमधला एक घरचा सामना काढून घेतला आणि व्यवस्थापकाला बारा आठवडे निलंबित केलं. डब्लिन तेव्हा सलग सहा वर्षांचं विजेतं होतं. कुणी म्हटलं नाही की एवढी मोठी काउंटी आहे, जाऊ द्या. तीच शिक्षा, तेच कलम, मुलांच्या तासांना लावायला नवी समिती नको की नवे पैसे नकोत. एखाद्या काउंटीचा एक घरचा सामना गेला, तिकिटांचं उत्पन्न आणि एनिसच्या क्युझॅक पार्कवरची गर्दी हुकली, की पुढच्या आठवड्यात बाकीच्या काउंटींचे सचिव मुलांच्या प्रवासाचे तास स्वतः मोजायला बसतील.